मधमाशीवाला मेल

दाजींचा मेल आला तेव्हा रंजिता भोईर तीन नंबरच्या शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि एका प्रिंटरच्या पोटात अडकलेलं लेबल चिमट्याने ओढून काढत होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या रूपाने स्क्रीनकडे बघत म्हटलं, "ताई, दाजींनी परत काहीतरी पाठवलंय."

"वाचू नकोस," रंजिता म्हणाली.

"वाचलं."

मानकोली नाक्यापासून आत गेलं की गोडाऊनांच्या रांगा लागतात. त्यातलं हे औषधांचं गोडाऊन. तीन शेड, एक कोल्ड रूम, सतरा कॉम्प्युटर आणि सतरा लेबल प्रिंटर, आणि हे सगळं सांभाळायला एकटी रंजिता. कागदावर तिचा हुद्दा मोठा होता, पण सगळे तिला 'सिस्टिमवाली ताई'च म्हणायचे. अंबाडीहून दोन गाड्या बदलून ती नऊला पोचायची. मोबाइल गेटवरच्या कपाटात जमा करावा लागे, त्यामुळे आत कुणाला काही कळवायचं तर लँडलाइन, नाहीतर मेल. आणि मेल म्हणजे दाजी.

दाजी ट्रान्सपोर्ट डेस्कवर होते. गाड्या कुठून येणार, कुठे लागणार, कुणाचा ड्रायव्हर जेवायला गेला आणि अजून आला नाही, हे सगळं त्यांच्याकडे. वय अठ्ठावन्न, गाव गणेशपुरीच्या पलीकडे, स्वभाव मऊ. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांच्या मेलच्या यादीत एकशे चाळीस माणसं होती. गोडाऊनची झाडून सगळी, कंपनीची पुणे-नाशिकची गोडाऊनं, सुरत ते कोल्हापूरपर्यंतचे ट्रान्सपोर्टवाले. या एकशे चाळीस माणसांना दाजी कॉम्प्युटरच्या रोगांबद्दल सावध करत असत. अमुक विषयाचा मेल उघडलात तर हार्ड डिस्क जळून जाते. तमुक फोटो बघितलात तर दुसऱ्या दिवशी सगळं कोरं होतं. हे एका मोठ्या कंपनीने कालच जाहीर केलं आहे, अजून कुणाला ठाऊक नाही, वीस जणांना पाठवा. वर दाजींची स्वतःची एक ओळ असे: 'सावधान. सर्वांना कळवणे.'

तीन वर्षं रंजिता त्यांना सांगत होती. आधी नीट समजावून सांगितलं. मग सगळ्यांना उत्तर पाठवून सांगितलं. मग कागदावर लिहून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. प्रत्येक वेळी दाजी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "खोटं असलं तर बरंच हाय की."

त्या दिवशीच्या मेलमध्ये मात्र एक नवी गोष्ट होती. हा व्हायरस चौदा दिवस झोपून राहतो, असं त्यात लिहिलं होतं, आणि कुठलाही अँटिव्हायरस त्याला पकडू शकत नाही. तो आहे की नाही हे ओळखायचं कसं, तेही दिलं होतं. अमक्या फोल्डरमध्ये जा. तिथे पिवळ्या मधमाशीचं चित्र असलेली फाइल दिसली, तर तुमच्या कॉम्प्युटरला लागण झाली आहे. ती ताबडतोब काढून टाका, कचऱ्याच्या डब्यातूनही काढा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

रूपाने फोल्डर उघडून ठेवला होता. मधमाशी होती. असणारच होती. ज्या कंपनीचे लेबल प्रिंटर त्यांच्याकडे होते, तिचं चिन्हच मधमाशी होतं. प्रिंटरबरोबर जो प्रोग्राम येतो, त्यातली ती एक साधी फाइल. ती काढली की लेबल छापणं बंद.

"हे प्रिंटरचं आहे," रंजिता उठत म्हणाली. "हात लावू नकोस."

रूपाच्याच कॉम्प्युटरवरून तिने सगळ्यांना उत्तर लिहिलं: 'मी तपासून पाहिलं आहे. हा व्हायरस नाही. ही फाइल काढू नका. रंजिता भोईर, सिस्टिम विभाग, मानकोली.' वाचून बघितलं. आणखी काही लिहावंसं वाटत होतं, ते लिहिलं नाही. मेल पाठवला आणि परत चिमटा हातात घेतला.

दहा मिनिटांत लँडलाइन वाजली. डिस्पॅच बघणारा सुफियान होता.

"रंजिता, एक नंबरला ये. लेबल येत नाही."

"कुठल्या मशीनवर?"

"सगळ्या. सहाच्या सहा. आणि ऐक, इन्सुलिन बाहेर काढलंय."

ती जवळजवळ धावतच गेली. मे महिना होता, शेडच्या पत्र्याखाली हवा भाजत होती. कोल्ड रूमच्या दारासमोर इन्सुलिनची ऐंशी खोकी रचून ठेवलेली होती. लेबल लावायचं, स्कॅन करायचं आणि थंड गाडीत चढवायचं, एवढंच काम. पंधरा मिनिटांच्या वर तो माल बाहेर ठेवायचा नाही, असा नियम होता. जव्हारकडच्या एका दवाखान्याची गाडी सकाळपासून येऊन थांबली होती.

सहाही ऑपरेटरांनी फाइल काढून टाकली होती. कचऱ्याच्या डब्यातूनही.

"माझा मेल वाचला नाहीत?" तिने विचारलं.

"दाजींचा आधी आला," एक जण म्हणाला. "आणि मधमाशी होती ना ताई. त्यांनी सांगितली तश्शीच. मग खोटं कसं?"

घरात उंबरठा दिसला तर चोर येऊन गेला असं समजा, असं कुणी सांगावं आणि प्रत्येकाच्या घरात उंबरठा निघावा, तसं हे होतं. पण हे समजावत बसायला वेळ नव्हता.

सुफियान तोवर खोकी परत आत नेऊ लागला होता. "किती वेळ लागेल?" त्याने खांद्यावरून विचारलं.

"एका मशीनला वीस मिनिटं. सगळं काढून परत टाकावं लागेल."

"इतना टाइम नहीं है. दवाखान्याची गाडी मी हाताने लिहून सोडतो. जो होगा, मेरे नाम पे."

ते नियमात बसत नव्हतं. पण त्याने मार्कर घेतला, कोल्ड रूममध्ये जाकीट घालून उभा राहिला आणि ऐंशी खोक्यांवर एकेक करून नाव, बॅच नंबर, तारीख लिहिली. रंजिता पेन ड्राइव्ह घेऊन मशीनमागून मशीन फिरली. दोन नंबरच्या शेडमध्ये पाचांपैकी चौघांनी फाइल काढली होती. तीन नंबरमध्ये रूपा सोडून सगळ्यांनी. सगळ्या मशीनना एकच पासवर्ड होता आणि कुणीही काहीही काढू शकत होतं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, असं तिने मॅनेजर रीमा मॅडमना तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, पुढच्या तिमाहीत बघू.

चार वाजता शेवटचं लेबल बाहेर आलं. ती जेवली नव्हती. डबा उघडला तर भेंडीला वास यायला लागला होता.

दाजींच्या टेबलावरून जाताना ती थांबली. ते फोनवर कुणाला तरी गाडीचा नंबर सांगत होते. तिला बघून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं आणि बोलत राहिले. ती पुढे गेली. आत्ता बोलली असती तर आवाज चढला असता, आणि दाजींवर आवाज चढवणं तिला जमत नव्हतं. याचीही तिला चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिच्या टेबलावरचा फोन वाजतच होता. सुरतेचा एक ट्रान्सपोर्टवाला होता.

"रंजिता मॅडम? आपको थँक्यू बोलना था. हमारे यहाँ आठों कॉम्प्युटर में निकला. सब डिलीट कर दिया. आप नहीं होतीं तो मारे जाते."

"मी? मैंने क्या किया?"

"आपने ही तो चेक किया न. मेल में नाम है आपका."

तिने मेल उघडला. तो पुण्याहून आला होता, पुण्याला नाशिकहून, नाशिकला कुठल्याशा ट्रान्सपोर्टवाल्याकडून. वर लाल अक्षरांत सूचना होती. मधमाशीचं चित्र मोठं करून लावलं होतं. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: 'मी तपासून पाहिलं आहे. रंजिता भोईर, सिस्टिम विभाग, मानकोली.'

मधली दोन वाक्यं कुणीतरी काढून टाकली होती. जागा वाचवायला, की नुसताच मजकूर नीटनेटका करायला, देव जाणे. पहिलं वाक्य आणि तिचं नाव तेवढं ठेवलं होतं.

मग तिच्या लक्षात आलं, की हा मेल आपल्या गोडाऊनमध्येही आलेला असणार. तिने एक नंबरला फोन लावला.

"सुफियान, लेबल चालू आहेत ना?"

"तेच सांगायला फोन करत होतो. चार बंद पडलीत. ऑपरेटर म्हणतात, काल ताईंनी नको सांगितलं, आज ताईंनीच काढा सांगितलं. रंजिता, तू पाठवलास का तो?"

"सुफियान."

"बरं, बरं. विचारलं फक्त."

परत पेन ड्राइव्ह. परत वीस मिनिटं, परत वीस मिनिटं. मध्ये नाशिकहून फोन, पुण्याहून दोन, कोल्हापूरहून एक. त्यातले तिघे आभार मानत होते आणि एक जण रागावला होता, कारण त्याचे प्रिंटर बंद पडले होते. प्रत्येकाला तिने सांगितलं, की ते माझं नाव आहे पण माझं म्हणणं नाही. कोल्हापूरचा माणूस म्हणाला, "पण मॅडम, एवढ्या लोकांना आलंय, म्हणजे काहीतरी असणारच ना?"

साडेअकराला रीमा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याच्या ऑफिसातून त्यांना विचारणा झाली होती. मानकोलीच्या सिस्टिम विभागाने अशी सूचना कुणाला विचारून काढली?

रंजिताने आपला मूळ मेल छापून नेला होता. तो टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचला. "हं. तुझी चूक नाही, ते कळतंय मला."

"मग तसं त्यांना सांगा ना, मॅडम."

"सांगेन. पण नाव तुझं आहे, त्यामुळे खुलासाही तुझाच लागेल. संध्याकाळपर्यंत दे. इंग्लिशमध्ये." मग कागद परत करत त्या म्हणाल्या, "आणि अशा मेलना उत्तरच द्यायचं नाही. उत्तर दिलंस म्हणून नाव गेलं."

केबिनबाहेर येऊन रंजिता पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिली. तीन वर्षं खरं सांगितलं, आणि शेवटी काय, तर बोललीस हीच चूक. ती तडक दाजींच्या टेबलाकडे गेली आणि छापलेले दोन्ही मेल त्यांच्यासमोर ठेवले. कालचा आणि आजचा.

"वाचा," ती म्हणाली.

दाजींनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. एकदा, मग पुन्हा. "हे कुणी कापलं?"

"माहीत नाही. पण पाठवायला सुरुवात तुम्ही केलीत. मला खुलासा द्यायचाय दाजी. माझं नाव सुरतेपर्यंत गेलंय."

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर दाजी म्हणाले, "मी मुनीरशेठकडं होतो, ठाऊक हाय ना तुला? भिवंडीत. बावीस वर्षं लूमच्या ऑफिसात."

"त्याचं इथे काय?"

"ऐक तर. सुताच्या दलालानं मेल पाठवला होता, असली फाइल येईल, उघडू नका. मी तो वाचलाच न्हाय. दुसऱ्या दिवशी ऑर्डर म्हणून फाइल आली नि मी उघडली. सगळं बंद. शेठच्या कापडाची डिझाइनं, पंधरा वर्षांची, सगळी त्याच्यात. परत मिळालीच न्हाय." त्यांनी चष्मा काढला. "शेठ एक शब्द बोलले न्हाय मना. मीच सहा महिन्यांनी सोडली नोकरी. तोंड दाखवायला बरं वाटंना."

रंजिता खुर्ची ओढून बसली. हे तिला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, पण राग जागच्या जागी होता. दोन्ही एकदम वाटत होतं.

"तो मेल खरा होता दाजी. म्हणून काय येईल तो प्रत्येक मेल खरा होतो का?"

"कुठला खरा नि कुठला खोटा, मना कळत न्हाय ना."

"मग मला विचारायचं."

"विचारत होतो की. पहिल्या वर्षी विचारत होतो." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मग विचारलं की तुझं तोंड असं व्हायचं, बाय. मग म्हटलं, कशाला त्रास."

तिला आठवेना, आपलं तोंड कसं होत असेल ते. पण ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळलं. तीन शेडमध्ये फिरून आल्यावर दाजींनी छापून आणलेला मेल हातात आला की ती तो न वाचताच सुस्कारा टाकून परत करायची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

दाजींनी खण उघडून जाड डायरी काढली. त्यात सगळ्यांचे नंबर होते. फोन पुढे ओढला आणि सुरतेचा नंबर लावला.

"मेहताभाई, दाजी बोलतोय, मानकोली. वो मधमाशीवाला मेल झूठा है. मेरी गलती है, मैंने पहले भेजा. रंजिता मॅडमने तो ना बोला था. हाँ, उनका आधा काटके भेजा किसीने. फाइल वापस डालो, वो बताएगी कैसे."

एवढंच. मेहताभाई 'ठीक है दाजी' म्हणाले असावेत, कारण फोन लगेच ठेवला गेला. ना शंका, ना प्रश्न. रंजिता बघत राहिली. हेच वाक्य सकाळपासून ती सांगत होती आणि तिच्याशी लोक वाद घालत होते. कोल्हापूरचा माणूसही दाजींचं ऐकून 'मला वाटलंच होतं' असं म्हणाला.

दुपारी दोनपासून सहापर्यंत दाजींनी एकेकाला फोन केला. मध्ये एकदा चहा घेतला. दर वेळी तेच, माझी चूक, मी आधी पाठवला. विसाव्या फोनला त्यांचा आवाज बसायला लागला, तरी शब्द गाळला नाही. पुण्याच्या ऑफिसलाही त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, सगळा दोष आपल्यावर घेऊन. ते मराठीत होतं. रीमा मॅडमनी ते रंजिताकडे पाठवलं: 'प्लीज, याचं इंग्लिश करून दे.' म्हणजे खुलासा शेवटी तिनेच लिहिला.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून नियम आला. कॉम्प्युटरच्या धोक्याबद्दलची कुठलीही सूचना परस्पर पुढे पाठवायची नाही. आधी मानकोलीच्या रंजिता भोईर यांच्याकडे पाठवावी, त्या तपासतील. सगळ्या गोडाऊनांसाठी. तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एकेचाळीस मेल आले. त्यातले बारा मधमाशीचेच.

तिने सगळ्यांना एक ओळ पाठवली: 'माझ्या नावाने मेल आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. मला फोन करून विचारा.' वेगळी लॉगिनं पुढच्या तिमाहीवरच राहिली.

दाजी आता रोज अकराच्या सुमारास एखादा कागद घेऊन यायचे. ती कागद घ्यायची, तोंड सरळ ठेवायची आणि सांगायची, खोटं. खोटं. खोटं. हेही खोटं. दाजी 'बरं' म्हणून जायचे.

जूनच्या मध्यावर एका सकाळी ते कागद न आणता आले.

"बाय, जरा माझ्या टेबलावर ये. एक चलान आलंय मेलवर. आपल्या गाडीनं सिग्नल तोडला म्हणून. खाली फाइल हाय, उघडून बघा म्हणतो."

"उघडलीत?"

"न्हाय. गाडीचा नंबर आपलाच हाय. पण ती गाडी दोन वर्षांपूर्वी विकली आपण. मीच कागद केले होते. तिचं चलान आपल्याला कसं येईल?"

रंजिता त्यांच्यामागे गेली. फाइल तिने वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर तपासली. अँटिव्हायरसने ती तिथल्या तिथे पकडली. चलान नव्हतंच. उघडली असती तर गोडाऊनचे सगळे पासवर्ड गेले असते. तिने सर्व्हरवर आलेल्या मेलची यादी बघितली. तोच मेल सकाळपासून अकरा जणांना आला होता.

"खरंय दाजी," ती म्हणाली. "हे खरंय."

दाजींना आनंद झाला की भीती वाटली, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "मग पाठवू का सगळ्यांना?"

"मी पाठवते."

ती लिहायला बसली. 'सावधान' लिहिलं आणि खोडलं. 'ताबडतोब' लिहिलं, तेही खोडलं. 'सर्वांना कळवा' तर लिहायचंच नव्हतं. शेवटी दोन साधी वाक्यं उरली: 'चलानच्या मेलसोबत आलेली फाइल उघडू नका. ती धोक्याची आहे.' खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं.

मिनिटभरात फोन वाजला. सुफियान.

"रंजिता, हा चलानवाला मेल तुझाच आहे ना?"

"माझाच आहे. नाव आहे ना खाली."

"नाव तर तेव्हाही होतं. तूच म्हणालीस, नावावर विश्वास ठेवू नका, फोन करा. म्हणून केला."

"माझाच आहे. उघडू नको."

तिने फोन ठेवला तोच तो परत वाजला. नाशिक. तिथेही तेच. मग पुणे. मग एक नंबरहून कुणीतरी. तीन नंबरहून मात्र कुणाचाच फोन आला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने रिसीव्हर दाजींच्या हातात दिला.

"बाहेरगावचे तुम्ही सांभाळा. तुमचं ऐकतात. मी शेडमध्ये जाऊन तोंडी सांगून येते."

"मी काय सांगू?"

"खरंय म्हणून सांगा."

ती पायऱ्या उतरून अंगणात आली. दोन ट्रक आडवे लागले होते, त्यांच्यामधून वाट काढत तीन नंबरला पोचली. रूपाच्या स्क्रीनवर चलानचा मेल उघडा होता आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"उघडू की नको, ताई? पंधरा मिनिटं फोन लावतेय. तुमचा लागतच नाही."

"नको उघडूस. काढून टाक."

"नक्की ना? मधमाशीच्या वेळी काढू नका म्हणाला होतात."

रंजिताने तिच्या पाठीशी उभं राहून तिला तो मेल काढायला लावला आणि शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथल्या माणसाने तिला येताना बघूनच विचारलं, "ताई, ते चलान खरं आहे का?"